आई हिंदीत गेली त्याची गोष्ट

ॲपला काय हवं असतं, हे अख्ख्या नाशकात फक्त एका माणसाला कळतं. तो माणूस म्हणजे मी! निदान गेल्या मार्चपर्यंत माझं असं ठाम मत होतं. ऑफिसात मी साधा आवक-जावक कारकून, पण डबा खाताना सगळे मलाच विचारायचे, "रवीभाऊ, पुतण्याची रील चालत नाहीये, काय करावं?" मी लोणच्याची फोड चोखत सांगायचो, "अल्गोरिदमला भूक असते हो. त्याला भरवावं लागतं." म्हणजे नेमकं काय भरवायचं, ते मलाही ठाऊक नव्हतं. पण लोक माना डोलवायचे. सल्ला देणाऱ्याला आणखी काय लागतं?

तेव्हा आईचा प्रश्न समोर आला, तसा मी छाती पुढे काढून चैतालीला म्हणालो, "तू बघच आता!"

चैताली म्हणजे माझी बायको. शाळेत शिकवते, त्यामुळे घरीही माझ्याकडे वर्गात उभं केल्यासारखंच बघते. आणि आईचा प्रश्न असा होता, की दादा, म्हणजे माझे वडील, गेल्यावर मी तिला सायखेड्याहून, आमच्या गावाहून, नाशकातल्या द्वारका चौकाजवळच्या फ्लॅटमध्ये आणलं होतं. चैताली सकाळी सातला बाहेर, मी साडेनऊला. मग आई आणि तिसरा मजला! शेजारपाजारची दारं बंद. आई कुकरशी बोलायची. कुकरची शिट्टी झाली की "हां, ऐकलं बाई" म्हणायची. शेवटी एक दिवस तिनं पिशवी भरून दाराशी ठेवली आणि म्हणाली, "रवी, चौदा एप्रिलची जयंती झाली की मला सायखेड्याला नेऊन घाल. तिथं निदान झुंबरबाई तरी हाय बोलायला. हितं मी कोनाशी बोलू? भिताडाशी?"

सायखेड्याच्या घरात आता कोणी नाही. तिचा गुडघा दुखतो. रात्री काही झालं तर? ही सगळी कारणं मी तिला ऐकवली. खरं कारण एकच होतं, तुम्हाला म्हणून सरळ सांगतो. मला आई घरात हवी होती. दादा गेल्यापासून संध्याकाळी दार उघडल्यावर तिची चप्पल दिसली नाही, तर मी बूटही न काढता तिला शोधत सुटायचो. बेचाळीस वर्षांचा घोडा झालोय, पण सुटायचो!

म्हणून माझी योजना. आईला बोलायला माणसं हवीत ना? एक काय, हजार देतो! ॲपवर चॅनल काढायचं. आईनं भाजी निवडत बसायचं आणि गप्पा मारायच्या, बस्स. आई आधी लाजली. मग मेथीची जुडी पुढ्यात आल्यावर हात चालू झाले आणि हातांबरोबर तोंडही. "सगळ्यांना जयभीम. ही बघा मेथी. कवळी हाय. कवळी मेथी खुडायची, कापायची नाय..." तिथून ती झुंबरबाईच्या रेड्यावर गेली, तिथून गोदावरीच्या पुरावर, आणि जुडी संपली तशी पदर सावरून म्हणाली, "बरं, येते हं मी!"

डोळ्यांत पाणी आलं माझ्या. किती दिवसांनी इतकं बोलली होती!

व्हिडिओ टाकला. पाहणारे अकरा. त्यात माझे सात.

"अल्गोरिदमला भूक नाही वाटतं," चैताली म्हणाली.

मग मी कंबर कसली. आईचा जांभई देतानाचा फोटो घेतला, भोवती लाल बाण काढले, आणि वर लिहिलं: 'मेथीचं हे सत्य आजवर लपवलं गेलं!' पाहणारे चोवीस. ठेच्याच्या व्हिडिओला तर मी नावच दिलं, 'देवळालीच्या तोफेपेक्षा जोरदार ठेचा!' म्हटलं, नाशिककरांना तोफ म्हटली की तोफखान्याचा देवळाली कॅम्प आठवतोच, ॲपलाही आठवेल. आणि शेवटी एक बटण सापडलं: आवाज आपोआप हिंदीत करण्याचं. दाबलं! मराठीत एवढं चांगलं बोलतेय, तर हिंदीत भारतभर बोलू दे की!

आणि काय सांगू! चौथ्या दिवशी ठेच्याच्या व्हिडिओनं उसळी घेतली. शेकडे झाले, हजार झाले, मग मी मोजायचं सोडून नुसता ऑफिसात मिरवायला लागलो. खाली हिंदीतून शेरे पडू लागले. "माँजी, रोइए मत." "माँजी, हम सब आपके बच्चे हैं." मला वाटलं, मिरची कापताना तिच्या डोळ्यांतून पाणी येतं ना, त्यावरून असेल. लोक किती हळवे असतात!

आई तर खुलली. संध्याकाळी मी आलो की चष्मा लावून बसायची. "वाच बरं, कोन काय म्हनतंय?" मी मराठी करून सांगायचो. "आई, कानपूरची एक बाई म्हणते, तुमची आठवण येते." "बया गं! तिला म्हनावं, जेवली का?" कोणी विचारायचं, "माँजी, हमारे घर कब आओगी?" आई म्हणायची, "सांग, येते म्हनावं." मी लगेच टाइप करायचो, "हाँ हाँ, आती हूँ!" उत्तरं दिली की ॲप खूश होतं, हे माझं शास्त्र. मग मी ते वाक्य कॉपी करून सगळ्यांनाच चिकटवत सुटलो. दाराजवळची पिशवी आईनं स्वतःच्या हातानं कपाटात ठेवली. चौदा एप्रिल आला, जयंती झाली, चौकात डीजे वाजला, आणि सायखेड्याचं नाव निघालं नाही. मी जिंकलो होतो!

पंधरा एप्रिलला चैताली शाळेतून आली ती तणतणतच.

"रवी, मी सासूला छळते का?"

"कोण म्हणतं?"

"अर्धा भारत!" तिनं फोन माझ्या नाकासमोर धरला. "आमच्या हिंदीच्या बाईंनी दाखवला. ऐक!"

मी तोवर आईला मराठीतच ऐकत होतो. घरचंच तर होतं, हिंदीत कशाला ऐकू? आता ऐकलं. आईचा घोगरा आवाज गायब. एक बातम्या देणारी बाई अतिशय शुद्ध हिंदीत बोलत होती. आमच्या आईचं मूळ वाक्य होतं, "माझी सून चैताली मास्तरीन हाय. तिला लय काम हाय. गुनाची हाय बिचारी." यंत्राला आमचं 'हाय' कळलेलं नव्हतं. त्यानं ते जसंच्या तसं ठेवून त्याचा सुस्कारा केला होता!

"मेरी बहू चैताली मास्टरनी... हाय! उसे काम... हाय! गुणोंवाली... हाय, बिचारी!"

आणि प्रत्येक 'हाय'ला आई मिरचीच्या झणक्यानं पदरानं डोळे पुसत होती.

खाली शेरे होते. "ऐसी बहू को भगवान देखेगा." "मास्टरनी है, घर में भी छड़ी चलाती होगी." माझ्या तोफेमुळे, माझ्या लाल बाणांमुळे काही चाललं नव्हतं. अल्गोरिदमला भूक होती ती रडक्या सासूची!

"बंद करतो," मी बटणाकडे बोट नेलं.

चैतालीनं माझा हात धरला. आतल्या खोलीत आई कानपूरच्या बाईसाठी उद्या काय निवडायचं, घेवडा का गवार, असं स्वतःशीच ठरवत होती. चैतालीनं तिकडे कान दिला.

"हिंदी बंद केलं तर पुन्हा चोवीस माणसं?"

"अकरा."

"मग राहू दे," ती म्हणाली. "आई जाण्यापेक्षा माझी बदनामी परवडली. कानपूरला कुठे जायचंय मला!"

अशी बायको मिळायला भाग्य लागतं हो. हे मी तिला बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "ते भाग्य घेऊन भांडी घास आता."

पुढच्या रविवारी दुपारी बेल वाजली. दारात एक उंच तरुण. केस कानाच्या वर इतके बारीक, पाठ इतकी ताठ, की मी ओळखलंच. मिलिटरी! माझ्या डोळ्यांसमोर ती पाटी आली: देवळालीच्या तोफेपेक्षा जोरदार! मेलो! फौजेच्या तोफेशी ठेच्याची तुलना केली म्हणून उचलायला आले!

"लताबाईजी का मकान यही है?"

"साब, तोफ के बारे में मेरे को काहीच मालूम नहीं!" मी हात जोडले. "वो मिर्ची थी साब! हिरवी मिर्ची! गुप्त बात कुछ नहीं है, फक्त लसूण और मीठ!"

तो गोंधळला. "जी, मैं दीवानसिंग. गढ़वाल से. मैं तो ये पूछने आया हूँ कि माँजी आती क्यों नहीं?"

"किधर?"

"हमारे घर."

चैतालीनं त्याला आत घेतलं, पाणी दिलं. आईचं नाव-पत्ता मीच चॅनलवर टाकून ठेवला होता. मग कळलं ते असं. त्याची बायको हेमा, आठव्या महिन्याची गरोदर. क्वार्टर अजून मिळालं नव्हतं, म्हणून कॅम्पच्या बाजारामागे भाड्याच्या खोलीत राहत होती. तिची आई तिकडे डोंगरात, आजारी. इथे ओळखीचं कोणी नाही. ॲपनं 'देवळाली' बघून आमची आई तिच्या फोनवर आणून सोडली. ती रोज ऐकायची, आई करेल तशी मेथी निवडायची. आणि रोज शेवटी बातम्यांवाली बाई सांगायची...

दीवानसिंगनं फोनवर व्हिडिओचा शेवट लावून ऐकवला. "अच्छा, मैं आ रही हूँ!"

"वो रोज़ दो कप चाय रखती है," तो म्हणाला. "मैं बोला, अरे, ऐसे ही बोलते होंगे. तो उसने आपको लिखकर पूछा. आपने लिखा, हाँ हाँ, आती हूँ. कल मैं फ़ायरिंग रेंज पर जा रहा हूँ, कुछ हफ़्तों के लिए. वो अकेली दरवाज़ा देखती रहेगी. आप लोग बस सच बता दो उसको."

मी कपाळावर हात मारला. येते! आपल्यात घरातून निघताना 'जाते' म्हणत नाहीत, अशुभ वाटतं, म्हणून 'येते' म्हणतात. आई निरोप घेत होती आणि तिकडे पोरगी आधण ठेवत होती! आवक काय नि जावक काय, यातला फरक वीस वर्षं त्याच टेबलावर बसून मला कळू नये?

मी त्याला समजावलं. "हमारे में जाते टाइम आती हूँ बोलते. मतलब जाती हूँ. मतलब आती नहीं, पण आती हूँ..."

आई कोपऱ्यात बसून ऐकत होती. फोनमधल्या बाईकडे बघून आधी म्हणाली, "ही कोन बया माझ्या तोंडातून बोलती?" मग हिंदीतलं तिला जेवढं हवं तेवढं बरोबर कळलं. "कितवा लागलाय तिला? आठवा?" म्हणाली आणि उठून लुगडं बदलायला आत गेली.

"आई, अगं गैरसमज झालाय तिचा!"

"कसला गैरसमज? मी येते म्हनले का नाय?"

"ते आपलं बोलायची पद्धत..."

"पद्धत म्हंजी? येते म्हनल्यावर मानूस येतंच. यायचं नसलं तर म्हनायचं कशाला?" आतून आवाज आला. "तुझ्या मिशनीला बराबर समजलं, रवी. तुलाच नाय समजलं. आन् तो ठेचा पिशवीत भरू नको, येड्या! गरवार बाईला ठेचा देत्यात का? शेंगदान्याचे लाडू घे."

देवळाली कॅम्पात हेमानं दार उघडलं. लहानशी, घाबरट डोळ्यांची मुलगी. आईला बघून तिनं डोक्यावर पदर घेतला, वाकायला गेली. आईनं तिला वाकू दिलं नाही. "ऱ्हाऊ दे, पोट दबंल!" त्या घोगऱ्या आवाजानं हेमा चमकलीच. बातम्यांवाल्या बाईची वाट बघत होती ना ती! आईनं तिच्या गालावरून हात फिरवला. "मेथी हाय का घरात?"

'हाय' ऐकून हेमाचे डोळे भरले. "क्या हुआ माँजी? क्या दुख है?" आणि तिनं चैतालीकडे असं काही पाहिलं, की बाप रे! चहा सगळ्यांना आला. बिस्किटं आईला, मला, दीवानसिंगला. चैतालीच्या बशीत काही नाही! चैतालीनं निमूट कोरडा चहा प्यायला. शाळेत तपासणीसाला पण एवढी घाबरत नाही ती.

संध्याकाळी मी म्हटलं, "चल आई." ती हेमाच्या पायांना तेल चोळत होती. "तू हो पुढं. हिला एकटीला टाकून कुठं जाऊ? हिचं झालं की बघू."

"आणि मग?"

"मग सायखेडं. हिंडून फिरून मला तिथंच जायचंय ना रे बाबा."

झालं! ज्या हजार माणसांच्या जोरावर आईला अडवलं होतं, त्यातल्याच एकीनं तिला नेलं, आणि वर सायखेडंही जागं केलं. रात्री घरी आलो. आईची चप्पल नव्हती. मला जेवण गेलं नाही.

चॅनल ओस पडलं. ॲप रोज टोकायला लागलं. लोक विचारू लागले, माँजी कुठायत? बहूनं काय केलं? एकानं लिहिलं, पोलिसांत कळवा. तेव्हा चैतालीची इभ्रत वाचवायला मी स्वतः मेथी घेऊन बसलो. "नमस्कार. काळजी नको. आई आता इथं राहत नाही. तिची आठवण येते, पण ती जिथं आहे तिथं सुखात आहे." व्हिडिओ टाकला आणि झोपलो.

हिंदी चालूच होतं.

"माँ अब नहीं रहीं. वो जहाँ हैं, सुख से हैं."

सकाळी फोनवर श्रद्धांजल्यांचा पाऊस! दिवे, फुलं, हात जोडलेले फोटो. मला वाटलं ॲप बिघडलं. टुणटुण थांबेना, म्हणून फोन बंद करून ऑफिसला गेलो. संध्याकाळी घरी येतो तर इमारतीखाली सायखेड्याचा टेम्पो! पांढऱ्या लुगड्यांतल्या बायका, टोप्या काढलेले पुरुष. माझा चुलतभाऊ नवनाथ धावत येऊन गळ्यात पडला.

"रवी, एक फोन नाय केला रे! लोकांच्या मोबाइलवरून कळावं आम्हाला?"

"अरे, एवढ्यात कोणाला सांगितलंच नाही. अचानक ठरलं."

"अचानक ठरलं?" झुंबरबाईनं हंबरडा फोडला. "माझी लता! कुठं ठिवलीय रे तिला?"

"देवळालीला."

"देवळालीला कशापायी नेली?"

"मिलिटरीवाला न्यायला आला होता मावशी. तिथं बरं वाटतं तिला. काल फोनवर बोललो, मजेत आहे!"

झुंबरबाईनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला. "पोराच्या डोक्यावर परिनाम झालाय," ती हळूच नवनाथला म्हणाली.

तेवढ्यात चैताली आली, तिच्या शाळेतही हार आला होता म्हणे. तिनं आधी माझा फोन चालू केला, मग व्हिडिओ हिंदीत ऐकवला, मग माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी इथे लिहीत नाही.

गावकऱ्यांचा विश्वास बसेना. "डोळ्यांनी बघू!" म्हणून आख्खा टेम्पो निघाला देवळालीला. पुढे मी, मागे पांढरी लुगडी. कॅम्पाच्या बाजारातले लोक टोप्या काढून वाट देत होते!

आई ओट्यावर घेवडा निवडत बसली होती. शेजारी हेमा. आईनं मान वर केली. "अगं बया! कोन गेलं?"

झुंबरबाई टेम्पोतून उतरली, तरातरा गेली आणि तिनं आईच्या पाठीत धपाटा घातला. मग दुसरा. मग मिठी मारून जी रडायला लागली, की आई तिलाच समजावत बसली. "गप गं, गप. मी मेले नाय. मेले तर तुला नक्की सांगंन." मग तिचं लक्ष टेम्पोकडे गेलं. एकेक चेहरा ती बघत राहिली. "माझ्यासाठी आले एवढे? कामं टाकून?" आणि आई रडली. यावेळी मिरची नव्हती.

"चल घरी," झुंबरबाई नाक पुसत म्हणाली. "टेम्पो आनलाच हाय. हिला पन घे संगं. तिकडं आमी धा बायका हाये बाळंतपन करायला. शहरात नको ऱ्हाऊ बाई, हितं जितं मानूस मारत्यात."

सगळे हसले. मी नाही हसलो. ती बरोबरच बोलत होती. सायखेड्यात आईला बोलायला आख्खं गाव होतं, आणि माझ्याकडे काय? एक बटण! मी पुढे झालो, ओट्यावर तिच्या पायाशी बसलो, गावादेखत.

"आई, तुला जायचं तर जा. मी नेऊन घालीन. पण मला तू घरी हवी आहेस. चॅनल नको, काही नको. तू नसलीस की मला करमत नाही."

बोललो आणि मान खाली घातली. आईनं हातातल्या घेवड्याच्या शिरा काढून संपवल्या.

"झुंबरे, मी नाय येत," ती शेवटी म्हणाली. "हिला डाक्टर हितला हाय, हिला हितंच ऱ्हाऊ दे. आन् हिचं झालं की मी नाशकालाच ऱ्हानार. द्वारकेला, रवीकडं. कायमची."

माझ्या डोळ्यांतून धारा! चैतालीनं पदर तोंडाला लावला. मी आईचे दोन्ही हात धरले, शिरांसकट. "आई, खरंच? माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठी व्हय..." आई जरा घुटमळली. खोटं बोलायची तिला सवय नाही. "तसं नाय रे. सायखेड्यावरून हिच्याकडं यायचं म्हनलं का दोन गाड्या बदलाव्या लागत्यात. द्वारकेवरून एकच सिटी बस हाय."